पंच म्हणून माझी सही

मास्तर, काल तुमच्या स्मृतिदिनाला तुमचा पट्टशिष्य म्हणून मला शाल-नारळ मिळाला. किळस आली, तरी अंगावर घेतली. बॅनरवर तुमचा फोटो तळहाताएवढा, आणि ज्या पुढाऱ्याला तुम्ही भर जत्रेत गाण्यातून सोलून काढायचात, त्याचा दाराएवढा. तुम्ही होतात तेव्हा पन्नास डोकी जमायची नाहीत. आता पोरं दंडावर तुमचं तोंड गोंदवून घेतात, तुमच्या जुन्या कॅसेटवर डीजे लावून नाचतात. एक यूट्यूबवाला तर तुम्ही पडला होतात तिथेच उभा राहून गोड आवाजात विचारत होता, "कुणी मारलं असेल बरं?"

मला मात्र तुमचं स्वयंपाकघर आठवतं. काकू भाकरी थापताहेत, तुम्ही तुणतुणं जुळवताय आणि मी, पंचवीस वर्षांचा घोडा, पुढाऱ्याचं नाव गाळून कडवं म्हणतोय. हातातली काडी तुम्ही माझ्या गुडघ्यावर हाणता. "नाव का खाल्लंस रं? भ्या वाटत आसंल तर भजनात जा. तितं देव काय उलटून बोलत न्हाई." काकू तिकडून म्हणतात, "तुमी एकटेच लई शूर!" पुढे ते तुणतुणं तुम्ही मलाच दिलंत.

त्यानंतर वर्षभरातच एका सकाळी तुम्ही गोदावरीकाठी सापडलात, डोकं फुटलेलं. पोलिसांनी पंच म्हणून मला उभं केलं. शेजारी चिखलात एक चप्पल रुतली होती, टाचेला नाल ठोकलेली. तशी चप्पल गावात एकट्या पुढाऱ्याच्या भावाच्या पायात असायची. हवालदाराने ती माझ्यादेखत पायाने पाण्यात लोटली. पंचनाम्यात चप्पल आलीच नाही, आरोपी सापडला नाही, फाईल बंद झाली. काकूंनी विचारलं, "तू हुतास ना तितं? मंग चपलीचं का न्हाई लिवलं?" मी म्हणालो, "कोऱ्या कागदावर सही घेतली, काकू." त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. "तू तरी काय करनार, बाबा." तेच खरं धरून त्या गेल्या. गावही तेच धरून आहे. कालच्या भाषणातही मी तेच सांगितलं, आणि लोकांचे डोळे भरून आले. थुंकावंसं वाटलं, त्यांच्यावर नव्हे.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? कपाटात शालीच्या घडीत ठेवून देतो. कागद कोरा नव्हता, मास्तर. दोन पानं भरलेली होती. मी ती दोनदा वाचली आणि मग सही केली.