ही खोली आणखी दोघेजण पाहत आहेत

३ जानेवारी, शनिवार.

लेकीचा फोन. पदवीदान समारंभ २१ मार्चला, सकाळी साडेनऊ. आमच्या घरातली पहिली डॉक्टर, मग ती गुरांची का असेना. प्रत्येक विद्यार्थ्याला दोनच पास, म्हणजे एक हिला आणि एक मला. साडेनऊला सभागृहाची दारं बंद होतात, नंतर कोणालाही आत सोडत नाहीत, हे तिने मला तीनदा सांगितलं. मी काय लहान आहे?

हिचं म्हणणं, सभागृहाच्या समोरच हॉटेल आहे, रस्ता ओलांडला की पोचलो, आजच खोली घेऊन टाका. मला हसूच आलं. पंपांच्या कारखान्यात बावीस वर्षं खरेदी विभाग सांभाळणाऱ्या माणसाला ही म्हणते, घेऊन टाका. तीन कोटेशनं आल्याशिवाय मी दाढीचं ब्लेडसुद्धा घेत नाही.

संकल्प: तेच हॉटेल, तीच खोली, निम्म्या दरात. रोज या वहीत नोंद करायची. वही कोणाला दाखवायची नाही. पद्धत फुटली की सगळेच वापरायला लागतात.

४ जानेवारी, रविवार.

दिवसभर अभ्यास. अकरा व्हिडिओ पाहिले. त्यातला एक माणूस फार पटला. तो स्विमिंग पूलमध्ये कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून बोलतो. म्हणतो, मंगळवारी दुपारी तीनला दर सगळ्यात खाली असतात. घाई दाखवली की मेलात. आणि शेवटच्या क्षणापर्यंत थांबायचं, कारण खोली रिकामी राहिलेली हॉटेलवाल्याला परवडत नाही, तो झक मारत दर उतरवतो.

तूर्त समोरच्या हॉटेलात एक खोली धरून ठेवली. १८ मार्चपर्यंत फुकट रद्द करता येते. हिला वाटलं, झालं बुकिंग. लगेच आपल्या ताईला फोन करायला निघाली. मी समजावलं की हे बुकिंग नव्हे, ही नुसती खुंटी. तर म्हणाली, अहो, मग त्या खुंटीला पिशवी अडकवा आणि मोकळे व्हा ना. वर लेकीच्या ॲडमिशनच्या वेळचं हॉटेल पुन्हा उकरून काढलं. ते गावाबाहेर निघालं होतं हे मान्य. पण दर काय मिळाला होता, ते ही कधी कोणाला सांगत नाही.

१३ जानेवारी, मंगळवार. दुपारी ३.

पूर्ण तयारी. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हॉटेलचं पान उघडं, टेबलाखाली फोनवर उघडं, घरी टॅबवर सकाळीच उघडून ठेवून आलोय. दर जागचा हलला नाही. उलट किंचित वर. खाली लाल अक्षरांत आलं: ही खोली आणखी दोघेजण पाहत आहेत.

कोण असतील? कोणातरी विद्यार्थ्यांचे बाप असणार. चिवट वाटतात. पण माझ्याइतका अभ्यास नसणार.

२२ जानेवारी, गुरुवार.

ते दोघे हलायला तयार नाहीत. सकाळी उठल्याउठल्या पाहिलं, आहेत. जेवणाच्या सुट्टीत पाहिलं, आहेत. न्हाव्याकडे एक गाल झाल्यावर पाहिलं, आहेत. न्हावी म्हणाला, साहेब, मान हलवू नका, कापेल. थोडं कापलंच. या लोकांना दुसरा कामधंदा नाही का?

३ फेब्रुवारी, मंगळवार.

मोठी बातमी. सकाळी ऑफिसचा कॉम्प्युटर बंद पडला, दुरुस्तीवाला उचलून घेऊन गेला. तीनला फोनवर पाहिलं तर: आणखी एक जण पाहत आहे. एकच! एक गडी गारद झाला. मी म्हटलंच होतं, दमतील.

घरी येऊन हिला सांगितलं. ती टॅबवरची धूळ पुसत होती. म्हणाली, हा महिनाभर चालू का ठेवलाय, तापलाय बघा किती. त्याला हात लावू नकोस म्हणून बजावलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार.

मोठ्या साहेबांनी बोलावलं. रबरी वॉशरची ऑर्डर तीन आठवडे का अडली म्हणून विचारलं. दर उतरायची वाट बघतोय, असं शांतपणे सांगितलं. तर म्हणे दीडशे पंप वॉशरविना उभे आहेत, आणि दर उतरायचा राहिला बाजूला, चांगला वाढलाय. हातात मेमो ठेवला. ज्यांना थांबता येत नाही त्यांच्या हाताखाली काम करणं कठीण.

कॉम्प्युटर दुरुस्त होऊन आला. तो दुसराही परत आलाय.

२ मार्च, सोमवार.

साडूचा फोन. ताई आणि तो दोघंही समारंभाला येणार. पास नाही तर नाही, बाहेर उभे राहू, पण पोरीला गाऊनमध्ये बघू, म्हणे. साडू माणूस चांगला, पण व्यवहार शून्य. भाजीवाल्याला भाव न विचारता पिशवी पुढे करतो. या पठ्ठ्याने काय करावं? हॉटेलला सरळ फोन केला! सगळं भरलंय असं कळल्यावर रिसेप्शनवरच्या बाईंशी गप्पा मारत बसला, त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी केली, आणि कोणी रद्द केलं तर कळवा म्हणून नंबर देऊन ठेवला. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. या जमान्यात फोन!

हिला यातलं फक्त 'भरलंय' एवढंच ऐकू आलं. आपली खोली आहे ना, असं दोनदा विचारलं. म्हटलं, आहे. आणि भरलंय वगैरे सगळ्या घाबरवायच्या युक्त्या असतात.

१० मार्च, मंगळवार. दुपारी ३.

मी धरलेल्या खोलीच्या पानावर दर तोच. मन कशात लागत नाही. हात सारखा खिशाकडे जातो. काल साहेबांच्या मीटिंगमध्ये गेला. परवा एकाच्या सांत्वनाला गेलो होतो, तिथेही गेला. पण आता थोडेच दिवस. आता जो घाई करेल तो फसला.

लेकीचा फोन. गाऊन मोठा झालाय, बाह्या बोटांवर येतात म्हणाली. आमच्या खुर्च्या तिसऱ्या रांगेत आहेत. बाबा, स्टेजवरून तुम्ही मला बरोबर दिसाल, म्हणाली.

१७ मार्च, मंगळवार.

२.५०. शेवटचा मंगळवार. उद्या फुकट रद्द करायची मुदत संपते. आज सगळं लख्ख दिसलं. खोली माझ्या नावावर आहे तोवर ते दर उतरवतील कशाला? त्यांना ठाऊक आहे, हा अडकलाय. खोली मोकळी सोडली की दर कोसळणार.

२.५८. रद्द केली.

३.००. उपलब्ध नाही.

३.०४. उपलब्ध नाही. सिस्टीमला थोडा वेळ लागतो.

३.२०. उपलब्ध नाही. लाल अक्षरंही गेली. त्या दोघांपैकीच कोणीतरी डाव साधला. दोन महिने टपून बसले होते.

संध्याकाळी ७. साडूचा फोन. हिने स्पीकरवर टाकला. खोली मिळाली म्हणे! बरोब्बर तीनला त्या बाईंचा फोन आला, कोणा वेड्याने ऐनवेळी सोडली. आता सगळे एकाच हॉटेलात, मजा करू. ही इतकी खूश झाली की मला तोंड उघडता आलं नाही. मीही वा वा म्हणालो.

१८ मार्च, बुधवार.

शहरात एकही खोली नाही. पण दुपारी जबरदस्त सौदा हाती लागला. महामार्गाला लागून, शहरापासून अडतीस किलोमीटर, बासष्ट टक्के सवलत, शिवाय स्विमिंग पूल. रद्द करता येत नाही. पण रद्द करायचंय कोणाला?

हिला सांगितलं, हॉटेल बदललं, हे जास्त चांगलं आहे. सभागृहापर्यंत किती वेळ लागेल, एवढंच तिने विचारलं. पाऊण तास, म्हटलं. ती फोन घेऊन आत गेली. बाहेर येऊन म्हणाली, मी ताईच्या खोलीत झोपणार, तुम्हीही या, भावजी खाली गादी टाकून घेतो म्हणाले. साडूच्या खोलीत, साडूच्या उपकारावर? आणि बासष्ट टक्के पाण्यात घालू? मुळीच नाही.

२० मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ६.

पूल आहे. पाणी नाही. आत चार मोडक्या खुर्च्या आणि एक छत्री ठेवली आहे. खिडकीतून ट्रक दिसतात. पण दर! हिला तिकडे सोडून मी एकटाच आलो.

काउंटरवरचा माणूस म्हणाला, सकाळी लवकर जायचं असेल तर ओळखीचा टॅक्सीवाला आहे, आत्ताच सांगून ठेवतो. आगाऊ सांगणं म्हणजे घाई दाखवणं. नको म्हटलं. ॲपवर हव्या तेवढ्या मिळतात.

२१ मार्च, शनिवार.

७.३०. तयार. नवा शर्ट, लेकीने पाठवलेला. टॅक्सीचा दर दुप्पट दाखवतोय. शुद्ध लबाडी. पाच मिनिटांत उतरेल.

७.४०. थोडा वाढला.

७.५५. थोडा उतरला. म्हणजे दिशा बरोबर आहे.

८.१०. हिचा फोन, कुठे आहात? निघतोच आहे, म्हटलं.

८.२५. तिप्पट. काउंटरवरच्या माणसाला त्या टॅक्सीवाल्याचं विचारलं. तो केव्हाच दुसरं भाडं घेऊन गेला.

८.४६. घेतली. तिप्पट.

९.४१. दार बंद.

दुपारी १. बाहेर बाकावर मेहुणी एकटीच बसली होती. साडू कुठे, विचारलं. आत, म्हणाली, आणि खाली बघायला लागली. मग सांगितलं. ही दारात उभी होती, माझा पास हातात धरून. नऊ अठ्ठावीसला दारवान म्हणाला, बाई, आता बंद करतोय. तेव्हा तिने तो पास साडूच्या हातात दिला.

दारवानाला मी सगळं समजावलं. त्याने ऐकून घेतलं, प्यायला पाणी दिलं, आत सोडलं नाही. आतून टाळ्या ऐकू येत होत्या. थोड्या थोड्या वेळाने, एकेका नावाला. त्यातल्या आपल्या कुठल्या ते कळेना. म्हणून मी सगळ्यांनाच वाजवल्या. मला फार वाईट वाटलं. एवढं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी ५. सगळे मिळून जेवलो. लेक म्हणाली, बाबा, आलात ना, झालं तर. आणि गाऊनची बाही दुमडत राहिली. साडूने व्हिडिओ दाखवला. शूटिंग करता करता तो टाळ्याही वाजवतोय, त्यामुळे स्टेज हलतंय. मध्येच 'शाब्बास गं माझी डॉक्टरीण' असा त्याचाच आवाज. ती प्रमाणपत्र घेते आणि तिसऱ्या रांगेकडे बघते. शोधते. मग हसते. मी चार वेळा पाहिला.

मग साडूने खोली कशी मिळाली ते पुन्हा सांगितलं. मंगळवारी, अगदी तीनच्या ठोक्याला, कोण कुठला वेडा. सगळे हसले, सगळ्यांत मोठ्याने मी. ही हसली नाही. मंगळवारी, तीन वाजता, असं सावकाश म्हणाली आणि माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

शेवटच्या क्षणापर्यंत थांबणं हिला जमत नाही, असं मी समजत होतो. नऊ अठ्ठावीसपर्यंत.

२४ मार्च, मंगळवार. दुपारी ३.

ऑफिसचा कॉम्प्युटर साहेबांनी काढून घेतला. टॅब हिने बंद करून कपाटात ठेवला. फोनवर सहज पाहिलं. तेच हॉटेल, तीच खोली. दर निम्म्यावर आलाय. बरोब्बर निम्म्यावर, मंगळवारी, तीनला.

हिला लगेच मेसेज केला: बघ, उतरला. तिने वाचला.

पुन्हा त्या पानावर गेलो. ही खोली सध्या आणखी कोणीही पाहत नाही.