भिंत पाडून घर पुन्हा मोकळे करू देणेबाबत

प्रति,
मा. इमारत परवानगी अधिकारी,
नगर कार्यालय.

विषय : निवासी दाखल्यासाठी बांधलेली भिंत पाडण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या निरीक्षकसाहेबांचे दोन शेरे; पहिला, व त्याच्या नेमका उलट दुसरा.

महोदय,

अर्जदार पेशाने शिंपी असून त्याची जागा दोन उंच इमारतींच्या मध्ये, रुमालाएवढी आहे. बाजूंनी उजेड येण्याची सोय नाही. म्हणून जिन्यावरच्या छताला काच बसवली व आत एकही भिंत घातली नाही. कापड बेताचे असले की जोड कमी ठेवावेत, हा शिंप्याचा हिशेब. ओटा, पलंग, शिवणयंत्र, सगळे एकमेकांच्या नजरेत.

याचे खरे कारण अर्जदाराची आठ वर्षांची मुलगी. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. घरातले बोलणे, भांडणे, लाडीगोडी सारे हातांनी चालते. हात दिसले नाहीत की बोलणे खुंटते.

पहिल्या तपासणीत निरीक्षकसाहेबांनी झोपायची खोली कोठे आहे, असे विचारले. पलंग दाखवला असता, हा पलंग आहे, खोली नव्हे, असे त्यांचे म्हणणे पडले. खोल्या आढळून येत नाहीत, सबब हे घर नसून गोदाम आहे, असा शेरा मारण्यात आला. दाखल्याशिवाय नळजोडणी नाही. पाण्यासाठी शेजाऱ्यांची मिनतवारी करून अर्जदार टेकीला आला होता. त्याने मागचापुढचा विचार न करता ओटा व पलंग यांच्यामध्ये विटांची भिंत उभी केली.

दुसऱ्या तपासणीत त्याच साहेबांनी, स्वयंपाकघरात अंधार आहे, या कारणास्तव दाखला नाकारला. उजेड भिंतीपलीकडे अडला आहे, असे सांगून पाहिले. त्यावर, भिंतीची नोंद झाली असल्याने ती आता पाडता येणार नाही, असे उत्तर मिळाले. अर्जदाराने कपाळावर हात मारून घेतला.

महोदय, अंधारात कसेही निभावेल. परंतु आई ओट्यापाशी असली की मुलीला आता तिचे हात दिसत नाहीत. काल तिने अर्जदारास विचारले की, आईनं माझ्याशी बोलणं का टाकलं? भिंत साहेबांनी बांधायला लावली, हे तिला पटत नाही. आपलेच काही चुकले, असे ती धरून बसली आहे. अर्जदारास रडू आवरले नाही.

तरी आपण एकदा स्वतः घरी यावे. भिंतीच्या अलीकडे उभे राहून पलीकडच्या मुलीला तिचे नाव विचारावे. उत्तर आले, तर भिंत खुशाल राहू द्यावी.

आपल्या येण्याकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
(सही)
कोपऱ्यावरचा शिंपी
दिनांक : दुसऱ्या तपासणीनंतरचा सोमवार

सोबत : दोन्ही शेऱ्यांच्या प्रती. मुलीने काढलेले घराचे चित्र. (चित्रात भिंतीला खिडकी आहे. ते अनधिकृत बांधकाम समजू नये.)