विमानाच्या पोटाचा रंग

कासेल (जर्मनी), २ मे १९७२

चि. विल्फ्रेडला मोठ्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. हे सवयीने लिहून गेले. आज मनात एकही आशीर्वाद नाही.

तुझं चित्र पोचलं. हायकेच्या होणाऱ्या सासरची मंडळी कॉफीला आली होती, तेव्हाच पोरीने ते हौसेने सगळ्यांसमोर उघडलं. तिला वाटलं, मामाने कबूल केलेली चंदेरी शर्यतीची मोटार असणार. दर वाढदिवसाला तू तिला पोस्टकार्डावर एकेक मोटार रंगवून धाडायचास, त्यावरच ती वाढली. आणि कागदातून निघालं काय, तर आपलं, इंग्रजांचं, बॉम्बफेकी विमान! वर चौकटीच्या पट्टीवर झोकात लिहिलेलं : कासेल, ऑक्टोबर १९४३. अरे शहाण्या, आम्ही राहतो कुठे? विहीणबाईंचं, म्हणजे ग्रेटेबाईंचं, घर त्याच बॉम्बहल्ल्याच्या रात्री गेलं. त्यांनी केकची बशी खाली ठेवली आणि कोटही न घालता निघून गेल्या. हायके रात्रभर रडत होती.

आयुष्यभर शर्यतीच्या मोटारी आणि लढाऊ विमानं रंगवलीस. त्यातल्या एकातही कधी बसला नाहीस. कान फुटका म्हणून सैन्याने तुला परत पाठवलं, त्याचा वचपा का काढतोस असा?

चित्र परत पाठवते आहे. अर्न्स्ट जिवंत असता तर बापाच्या नात्याने त्याने लेकीला लग्नात चर्चमध्ये नेलं असतं. तो गेल्यापासून पोरीने तुझंच नाव धरलंय. विहीणबाईंची माफी मागणार असशील तर ये. नाहीतर लिंकनशायरलाच बस.

एनिड

लाउथ, लिंकनशायर (इंग्लंड), ११ मे १९७२

ती. एनिडताईस, शिरसाष्टांग नमस्कार. कान फुटका असला तरी तुझं ओरडणं इथवर ऐकू आलं.

चंदेरी मोटार मी दोन संध्याकाळी बसून रंगवली असती. एकुलत्या एका भाचीला तेवढ्यावर भागवायचं होय? माझ्या हातून जे सर्वांत चांगलं उतरलं ते दिलं. आमच्या विमानचित्रकारांच्या मंडळातली माणसं एका चुकलेल्या खिळ्यासाठी चार-चार पानी पत्रं लिहितात. या चित्रात त्यांना बोट ठेवायला जागा सापडली नाही. त्यावर गावाचं नाव घातलं, कारण विमान तिथे गेलं होतं. चित्रावर खोटं लिहू?

आणि ते विमान कुणाचं, हे विहीणबाईंना सांगायला तुझी जीभ रेटली नसेल. आपल्या क्लेमचं. विमानाच्या नाकातल्या काचेत पालथा पडून बॉम्ब सोडणारा आपला क्लेम, जो पुढच्याच महिन्यात परत आला नाही. तू तिकडे घर मांडलंस, मी कधी ब्र काढला नाही. पण माझ्या भावाबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. लग्नाला येत नाही. हायकेला काय सांगायचं ते तूच सांग.

विल्फ

कासेल, २० मे १९७२

श्री. विल्फ्रेड यांस स. न. वि. वि.

मला इंग्रजी येत नाही; तुमचं पत्र तुमच्या बहिणीने मला वाचून दाखवलं. मी सांगते आहे आणि तुमची बहीण लिहिते आहे. तिने दोनदा माझं बोलणं मऊ करून पाहिलं, मी तिला खोडायला लावलं.

तुमच्या भावाबद्दल मला माया नाही. खोटं कशाला बोलू? पण तुम्ही म्हणे फार काटेकोर आहात, तेव्हा चित्राबद्दलच बोलते. विमानाचं पोट तुम्ही काळं रंगवलंय. त्या रात्री मी फुल्डा नदीच्या काठाला उताणी पडले होते. शेजारी माझी धाकटी बहीण लोटे होती, ती आधीच संपली होती. वर पाहण्याखेरीज मला दुसरं काही करता येत नव्हतं. एकही पोट काळं नव्हतं. आमचे रस्ते जळत होते, त्याने ती सगळी लाल दिसत होती, पेटलेल्या भट्टीच्या तोंडासारखी.

चूक आहे, दुरुस्त करा. आणि लग्नाला या. पोरीने तुमची वाट पाहायची आणि तुम्ही तिकडे रुसून बसायचं, हे मला मुळीच पसंत नाही.

ग्रेटे होलमान

लाउथ, ६ जून १९७२

ती. ताईस नमस्कार.

ग्रेटेबाईंचं पत्र वाचून मी चिडलो. इतकी वर्षं माझ्या चित्रांतल्या चुका काढायला माणसं टपलेली, पण पोटाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. काढणार कोण? आमच्यापैकी खाली कुणी नव्हतंच. त्यांना खोटं ठरवायचं म्हणूनच मी ब्रश उचलला. मनात म्हटलं, लाल करून पाहू, चित्र हास्यास्पद दिसेल आणि वाद मिटेल.

पोट लाल केलं. मग चाकांची दारं काळी ठेवता येईनात, ती लाल केली. उजेड तिथवर आला की पुढे नाकाच्या काचेवर येतोच, म्हणून काचही लाल केली. काचेआड क्लेमचा चेहरा आहे, पालथा, सरळ खाली पाहणारा. तो मी आजवर सावलीतच ठेवत आलो होतो. ताई, तोही लाल करावा लागला.

म्हणजे त्याने सगळं पाहिलं होतं. त्यानंतर सुट्टीवर घरी आला, आपल्याबरोबर टेबलाशी बसला, जेवला. मी खोदून खोदून विचारत होतो की वरून कसं दिसतं, आणि तो म्हणाला, ढग होते.

ज्याच्यासाठी आपण एवढी वर्षं रडलो त्या माणसावर मी आज संतापलोय. मी येतोय. स्टेशनवर कुणी येऊ नका, हायकेनेही नाही. मला आधी ग्रेटेबाईंकडे जायचंय.

तुझाच,
विल्फ