तोंडावरची धग

ता. ९, बुधवार

चि. सूनबाई,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, असं आधी लिहायचं असतं म्हणून लिहिलं. तुमचंही ठीक असेल. चिमीचा दात वर आला का? तिला माझा पापा दे. दे म्हणजे दे, कागदावरच राहू देऊ नकोस.

अक्षर लागणार नाही तिथे अंदाजाने वाच. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर सहीपलीकडे हात चालवलेला नाही. फोन केला असता, पण फोनवर मी तुझ्या त्या ऊब बघणाऱ्या डोळ्यांना गार दिसते, मेलेल्या माणसासारखी, असं तूच म्हणाली होतीस. काचेतून ऊब येत नाही म्हणून तुझा बोलण्यावर भरवसा बसत नाही. समोर यावं तर रविवारी झालं तेच पुन्हा होणार. मग राहिला कागद.

तुझ्या नवऱ्याकडे निरोप दिला होता. त्याला म्हटलं, "तिला सांग, आईच्या घशाखाली घास उतरत नाही, शुक्रवारच्या आत भेट." नंतर विचारलं, काय सांगितलंस? तर म्हणतो, "सांगितलं की. आई म्हणते, भेटू कधीतरी." बोगद्यात उतरणाऱ्यांच्या डोक्यातली काळजीच कमी करून देतात, ते कामापुरतं बरं आहे, माणूस खाली घाबरत नाही. पण घरी आल्यावर ती परत चढवता येत नाही. घराला आग लागली तरी हा म्हणेल, बरं झालं, थंडी होती. पोटचा आहे, त्याला नावं ठेवत नाही. पण ह्या कामाचा तो नाही. हे तुझं-माझं आपल्यालाच बघायला हवं.

आता रविवारचं.

तुम्ही दोघं येत्या शुक्रवारी लांबच्या कामावर निघणार, तिकडे लहान मुलं नेऊ देत नाहीत, वर्षभर ठेवून घेणारं पाळणाघर नको, चिमी माझ्याकडे राहणार, हे आधीच ठरलं होतं. तू तिला माझ्या मांडीवर दिलीस आणि शेवटचं म्हणून विचारलंस, "आई, तुम्हाला खरंच चालेल ना?" मी म्हटलं, "न चालायला काय झालं? दे इकडे." तू माझ्याकडे बघतच राहिलीस. मग म्हणालीस, "तोंडाने हो म्हणताय आणि गळ्यापासून कपाळापर्यंत नुसत्या पेटलाय. एवढा राग असेल तर तसं सांगा ना." आणि पोर उचललीस.

मी काय बोलले ते मला पाठ आहे. "डोळे विकत आणलेस म्हणून माणसं वाचता यायला लागली का तुला? जा, टाक त्या पाळणाघरात तिला." हे रागाने बोलले. तोवर राग नव्हता. पण तुला कसं पटवायचं? तू तर डोळ्यांनी बघितलंस.

तुझे डोळे खोटे नाहीत. वीजघरात तारेचा सांधा तापला की तू लांबून सांगतेस, आणि तापलेला सांधा म्हणजे बिघडलेला सांधा. पण बाईचं तसं नसतं. आता लाज सोडून लिहिते, हे नवऱ्याला वाचून दाखवू नकोस. माझी पाळी जायची वेळ आली आहे. वर्ष होत आलं. बसल्या जागी छातीतून वाफ निघाल्यासारखं होतं, तोंड भाजतं, पाठ घामाने भिजते आणि मग हुडहुडी. राग नसतो, काही नसतं. केस विंचरतानासुद्धा होतं. धुलाईच्या कारखान्यात मी मध्येच उठून दारात वाऱ्याला उभी राहते, तेव्हा माझ्या शेजारी काम करते ती भोंगा, आवाज तसा आहे म्हणून भोंगा, ती सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडते, "सरका गं बाजूला, इस्त्री तापली!" सगळ्या हसतात. त्यांना माहीत आहे. तुला सांगितलं नाही. सुनेला काय सांगायचं असलं काही? आणि तुझ्या बरोबरीच्या पोरींनी सगळ्यांनीच असले डोळे घेतलेत. तुम्हाला पेटलेली बाई म्हणजे चिडलेली बाई, एवढंच शिकवलेलं दिसतंय.

म्हणजे वर्षभर तू यायचीस तेव्हा सासू आपल्यावर जळतेय, असंच तुला दिसत होतं. आणि तरी तू येत होतीस, पोरीला घेऊन. हे मला काल कामावर, चादरींच्या सरकत्या पट्ट्यावर कळलं आणि हातातली चादर खाली पडली.

इथेच पत्र संपवावं, असं भोंगा म्हणते. जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसून वाचतेय मेली. "एवढं पुरे. पोर मिळेल तुला." मी म्हटलं, तू तुझा डबा खा.

ऐक. मागच्या महिन्यात तू दुपारभर चिमीला माझ्याकडे ठेवून गेली होतीस. परत आलीस तेव्हा शेगडीच्या मागे बघून विचारलंस, "आई, ही भिंत अजून गरम कशी?" मी म्हटलं, "ऊन येतं तिथे." तिथे जन्मात ऊन येत नाही. ते तुलाही माहीत असणार.

दूध तापत ठेवलं होतं. चिमी रडायला लागली म्हणून आतल्या खोलीत जाऊन तिला थोपटत बसले. दूध आटलं, पातेलं जळलं, शेजारच्या फडक्याने पेट घेतला. शेजारीण दार बडवायला लागली, "अगं, घर जाळतेस का!" तिला खाली जिन्यात वास आला होता. मला तिथेच घरात बसून आला नाही. दार उघडून वर तिलाच म्हटलं, "ओरडू नकोस, पोर झोपतंय." आणि मग वळून बघितलं.

मला वास येत नाही, सूनबाई. काही म्हणजे काही येत नाही. आमच्या पट्ट्यावर दवाखान्यांच्या चादरी येतात, रक्ताच्या, घाणीच्या. मालकाने आमची नाकं बंद करून दिली, आणि आम्हीच तसं मागितलं होतं. त्या दिवशी भोंगा आनंदाने रडली, आता पोटभर जेवता येईल म्हणून. तुझ्या डोळ्यांवर, पोराच्या डोक्यावर मी येता-जाता तोंड सोडायची, आणि माझं मी झाकून ठेवलं. तू म्हणायचीस, "आई, हे आंबलंय का बघा जरा." मी नाकापाशी नेऊन म्हणायची, "काही झालेलं नाही, खा." तुम्ही खात होतात.

रविवारी तू "चालेल ना" म्हणालीस आणि मला ते जळकं पातेलं दिसलं. म्हणून ती धग वयाची होती की भीतीची, ते माझं मलाच सांगता येत नाही. तुला दिसलं ते होतंच. फक्त राग नव्हता. आणि काय होतं ते सांगायला मी तोंड उघडलं नाही, उघडलं ते भलतंच बोलायला.

तू म्हणशील, धुराची घंटा लावू. घंटा धुराला वाजेल. नासलेल्या दुधाला कोण वाजणार?

तेव्हा शुक्रवारी पाळणाघराला हो सांग. मी रागाने म्हटलं होतं तेच आता शुद्धीत म्हणते. तिथल्या बायकांना धड नाकं आहेत का, ते मात्र आधी विचार. लाजू नकोस, सरळ विचार.

नाक उघडून मिळतं का, ते काल जाऊन बघितलं. तिथली बाई म्हणाली, "मावशी, वास परत येईल, पण तुमचं जुनं काम आहे, कदाचित येणारही नाही." करून घेणार आहे. आला तर धुलाईचं काम सुटेल, कारण वास येणारं माणूस आमच्या पट्ट्यावर तासभर टिकत नाही. सुटू दे. मग चिमीला मागायला येईन, आणि दिली नाहीस तर भांडेन. आज मात्र भांडायला तोंड नाही.

भोंगाने अर्धा डबा तसाच झाकला आहे. सुट्टी संपली, पट्टा सुरू झाला.

शुक्रवारी निघण्याआधी चिमीला एकदा दाखवून जा. हवं तर दारातूनच दाखव, मी मागणार नाही. आणि तेवढा वेळ माझ्याकडे बघू नकोस. रडणारं माणूस तुझ्या डोळ्यांना कसं दिसतं, मला माहीत नाही, आणि ते पुन्हा राग म्हणून नेऊ नकोस.

तुझी घाबरलेली,
आई