ढब्बूला ‘ये’ म्हटलं

सोमवार, ४ तारीख

आलो एकदाचे! टेम्पोवाल्यानं कपाटाचा एक पाय मोडला आणि वर मलाच ऐकवलं की आधीचाच मोडका असेल ताई, नीट बघा. असेल बाबा. त्या पायाखाली दोन जाड पुस्तकं सरकवलीत, आता कपाट माझ्यापेक्षा ताठ उभं आहे.

वाटभर ढब्बूचा पिंजरा मांडीवर होता. टेम्पोवाल्यानं विचारलं, उंदीर आहे का ससा? गिनीपिग म्हटल्यावर आरशातून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, डुकरासारखा तर काही दिसत नाही. ढब्बूनं त्याच्याकडे पाठ फिरवली. मानी आहे माझा पोरगा.

दोन खोल्या, दुसरा मजला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागचा गवताचा पट्टा दिसतो. फ्रिज घरमालकीणबाईंचा, जुना, उघडताना कुरकुरतो. तो कुरकुरला रे कुरकुरला की ढब्बूची शिट्टी! पहिल्याच दिवशी त्याला आवाज ओळखता आला. ढब्बू मिरचीची एक फोड दिली. ढब्बूनं ढब्बू खाल्ली, हा माझा विनोद तीन वर्षं जुना आहे आणि अजून मी एकटीच हसते.

बुधवार, ६ तारीख

नोकरी बरी वाटतेय. दातांचा दवाखाना, मी बाहेरच्या टेबलावर. फोन घ्यायचे, वेळा द्यायच्या, एकेकाला आत बोलवायचं. डॉक्टरीणबाई शिस्तीच्या, पण ओरडत नाहीत. एकच पंचाईत, येणारा प्रत्येकजण गाल धरून येतो. येताना दुखतंय म्हणून बोलत नाही आणि जाताना जीभ बधिर म्हणून. दिवसभर माणसांत बसून गप्पा शून्य. घरी आल्यावर ढब्बूपुढे सगळा दिवस ओतते. तो चघळत ऐकतो.

घरमालकीण काकू तळमजल्यावर एकट्या राहतात. तोंडाचा पट्टा अखंड चालू. मला म्हणाल्या, लग्न नाही, मूल नाही आणि उंदीर पाळलास होय गं? मी म्हटलं, हो, तिन्हींचं काम एकटाच करतो. हसल्या तरी. म्हणजे जमेल आमचं.

रविवार, १० तारीख

सुट्टी. फरशी पुसली, पडदे लावले, ढब्बूला खोलीत मोकळं सोडलं. उड्या मारत पळाला आणि कपाटाखालच्या पुस्तकाचा कोपरा कुरतडून आला. वाचनाची आवड आहे.

ताईला फोन केला. ती गडबडीत होती, करते म्हणाली, केला नाही. ढब्बू मूळचा तिच्याच लेकीचा. दोनच दिवस सांभाळ गं, म्हणून आणून ठेवला आणि त्या दोन दिवसांची तीन वर्षं झाली. भाचीला आता तो आठवतही नसेल. बरंच आहे. परत मागितला असता तर मी दिला नसता, भांडले असते सरळ.

संध्याकाळी तो मांडीवर झोपला. या गावात मला नावानं ओळखणारं कोणी नाही, आणि यालाही माझं नाव माहीत नाही. तरी बरं वाटलं.

मंगळवार, १२ तारीख

फ्रिज उघडला. शिट्टी नाही.

वाटलं, झोपला असेल. मिरची तोंडाशी नेली तर मान फिरवली. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलाय, अंग फुगवलेलं, केस विस्कटलेले. दात कराकरा वाजवतोय. पिंजऱ्यात लेंड्या नाहीत. सकाळी होत्या का? घाईत पाहिलंच नाही मी.

बुधवार, १३ तारीख

डॉक्टरीणबाईंकडून अर्धा दिवस मागून घेतला आणि जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. तरुण आहे, हात मऊ आहेत त्याचे. ढब्बूचं पोट दाबून पाहिलं. मग म्हणाला, आतडं थांबलंय. ही जनावरं दुखणं लपवतात, अगदी शेवटपर्यंत लपवतात. आपल्याला दिसतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. इंजेक्शन दिलं, औषध दिलं, सुईशिवायची सिरिंज दिली आणि पातळ खाणं थोडं थोडं भरवा म्हणाला. वाचेल का, असं मी विचारलं. तो म्हणाला, ऊब द्या.

टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलंय, शेजारी गरम पाण्याची बाटली. भरवलेलं हनुवटीवरून ओघळतं. मी बडबडतेय नुसती. अरे गिळ रे, एवढंसं, माझ्यासाठी. हा माझ्याकडे बघतो आणि एक घोट गिळतो. माझं ऐकतो तो. नेहमीच ऐकतो.

गुरुवार, १४ तारीख

गेला.

सकाळी सात वाजता, माझ्या हातात. एकदा पाय ताणले आणि सैल झाला. मी तशीच बसून राहिले. बाटली गार झाली तेव्हा कळलं की तोही गार झालाय.

काकू वर आल्या, मला पाहिलं आणि पहिल्यांदाच गप्प बसल्या. मग खुरपं घेऊन आल्या. मागच्या पट्ट्यात नेलं. तिथे गवतात जागोजाग दगड मांडलेत. म्हणाल्या, आसपासच्या बिऱ्हाडांनी आपापली जनावरं वर्षानुवर्षं इथेच पुरलीत. मांजरं, पोपट, कोणाचा तरी ससा. भिंतीपाशी त्यांचा वाघ्या आहे, बारा वर्षांचा होऊन गेला. खड्डा त्यांनीच खणला. माझ्या हातून होईना.

टॉवेलासकट ठेवला. माती लोटली. निघताना माझ्या तोंडून निघून गेलं, ‘ये हं.’

सवयीनंच. कोणी निघालं की आपण म्हणतो तसं. जा म्हणायला जीभ वळत नाही ना.

काकूंनी माझा दंड असा धरला की वळ उठले. म्हणाल्या, अगं कार्टे, गेलेल्याला ‘ये’ म्हणतात का कधी? परत घे, ‘जा’ म्हण. मी रडत होते. मला नाही म्हणवलं.

शुक्रवार, १५ तारीख

कामावर गेले. डोळे सुजलेले पाहून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कोणी गेलं का? मी सांगितलं. त्या अच्छा म्हणाल्या आणि पुढच्याला पाठव म्हणाल्या. त्यांची चूक नाही. ताई म्हणाली, अगं दुसरा आण, मिळतात ते. मी फोन आपटला. आपटायला हवाच होता.

पिंजरा धुऊन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उलटा ठेवलाय. घर इतकं गप्प आहे की माझ्याच गिळण्याचा आवाज येतो मला.

शनिवार, १६ तारीख

दुपारी दूध काढायला फ्रिज उघडला. शिट्टी.

लांब, वर चढत जाणारी, त्याचीच. मी दूध सांडलं. दार लावलं, परत उघडलं. परत शिट्टी.

भास असेल. असू दे. दिवसभरात फ्रिज कितीदा उघडला, विचारू नका. खूप दिवसांनी जेवले मी.

रविवार, १७ तारीख

भास नाही! काल मिरचीची फोड पिंजऱ्यापाशी ठेवली होती, ती नाही. आणि उलटा ठेवलेला पिंजरा सुलटा झालाय. आत टॉवेल आहे. त्याच्यासोबत पुरलेला निळा टॉवेल, मातीनं भरलेला. त्याखाली उंचवटा. हळूहळू वर-खाली होतोय.

किंचाळायला हवं होतं. मी चक्क हसले. म्हटलं, आलास का रे लबाडा! खाली बसून त्याला पूर्ण आठवडा सांगितला, डॉक्टरीणबाईंच्या ‘अच्छा’ची नक्कल करून दाखवली. टॉवेल उचलला नाही. गरजच काय?

मंगळवार, १९ तारीख

काकूंनी जिन्यात अडवलं. तू कामावर असतेस तेव्हा वर शिट्ट्या कोण मारतं? मी खरं ते सांगितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. जिन्याच्या कठड्याला धरून म्हणाल्या, तू बोलावलंस म्हणून आलंय ते, तूच ‘जा’ म्हणायचं. स्पष्ट. दुसऱ्या कोणी म्हणून चालायचं नाही.

बघते म्हटलं. म्हणणं सोपं आहे हो. मग त्या घरात मी कोणाशी बोलू?

गुरुवार, २१ तारीख

टॉवेलाखाली हात घातला आज.

गार आहे. ओला. केसांत माती. पोट घट्ट, दगडासारखं. आणि दात — कराकरा — थांबतच नाहीत. मी हात फिरवला की अंग चोरतो.

आजारी आहे तो. अजूनही. मी बरा असलेल्याला कुठे बोलावलं? त्या गुरुवारच्याला बोलावलं. दुखत असलेल्याला. आणि दुखतच राहणार — संपायचं नाही आता ते —

सिरिंजनं भरवलं. सगळं खाली ओघळलं. शिट्टी मारतो, दिलं की खाता येत नाही, परत शिट्टी. काल, परवा मला वाटत होतं त्याला मी हवी आहे.

शुक्रवार, २२ तारीख

टॉवेलाखालचा उंचवटा मोठा झालाय. पिंजऱ्याच्या गजांना टेकतो. मिरच्या, काकडी, गाजरं, सगळं ओढून घेतो, चावतो, आणि ते टॉवेलाखालून तसंच बाहेर येतं. चोथा आणि माती.

बोटाला चावला. तीन वर्षांत कधी नाही. रक्त आलं, त्यावर तो थांबला. दात थांबले. मग एकदम, अगदी हळू, लाडात असताना करायचा तशी घुरघुर.

मी दुसरं बोट पुढे केलं. का केलं? त्याला एवढा वेळ तरी बरं वाटलं म्हणून. मला वेड लागतंय.

शनिवार, २३ तारीख

म्हटलं.

दुपारी, भर उन्हात, दार सताड उघडून. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी म्हटलं, ढब्बू, जा. जा रे राजा आता.

दात थांबले. टॉवेल सपाट झाला. असा, हवा गेल्यासारखा. एका शब्दात गेला. थोडा तरी रेंगाळेल वाटलं होतं. नाही. ऐकतो ना माझं.

काकूंनी पाठीवरून हात फिरवला, सुटलीस म्हणाल्या. त्यांनाच मिठी मारून हमसाहमशी रडले.

रविवार, २४ तारीख, दुपार

फ्रिज उघडला. नुसती कुरकुर.

ताई उचलत नाही. काकूंकडे गेले तर झोपल्या होत्या. भिंतींशी बोलून पाहिलं, स्वतःची लाज वाटली. दवाखाना उद्या. उद्या म्हणजे किती लांब.

त्याला दुखत होतं हे कळतं मला. तरी होता तो. चावत होता तरी होता.

त्याच दिवशी, संध्याकाळ

स्वयंपाकघराची खिडकी उघडून मागच्या गवताकडे पाहत उभी होते. बराच वेळ. एकदाच, एकदाच बोलावू, लगेच जा म्हणू, असं मनात घोळत होतं. तोंड उघडलं आणि निघालं —

‘या.’

‘ये’ नाही. ‘या’. दवाखान्यात दिवसभर तेच म्हणते ना मी लोकांना, या, या, आत या. जिभेला तेच वळण पडलंय. हसू आलं आधी. अहो ढब्बूराव, या! म्हणून मोठ्यानं हसले.

मग कळलं. ‘या’ एकालाच म्हणतात असं नाही. आणि मी नाव घेतलं ते नंतर. आधी नुसतंच —

गवत हललं. वारा नाही.

अंधारून यायच्या आत

दगड उलटलेत. सगळे.

खाली वाघ्या भुंकला. ओला, घोगरा. काकूंचं दार उघडलं — मी ओरडले, काकू नका — त्यांनी ऐकलं नाही. मला केवढं बोलल्या होत्या. आता अंगणात धावल्यात, रडतायत, हसतायत, ये रे माझ्या सोन्या, ये —

मग आवाज बंद. काकूंचा. चघळण्याचा आवाज आहे.

जिना. नखं. पंख घासत येतंय काहीतरी. मांजर, पण गळ्यातून नीट निघत नाही. पोपट कोणाचं तरी नाव घेतोय, एकच, परत परत —

दाराशी. कडी लावलीय. फळीखालून माती आत येतेय.

कान देऊन ऐकतेय. भुंकणं आहे, ओरडणं आहे, सगळ्यांचे दात आहेत. शिट्टी नाही. ढब्बूची शिट्टी नाही त्यात. त्याला मी जा म्हटलं होतं ना. तो ऐकतो.

एक शब्द आहे. ‘जा.’ एकाला म्हणा, शंभरांना म्हणा, तोच. म्हटला की सुटले. तोंडात आहे —

पण तो मागे असला तर? पाय एवढेसे. जिना उंच. मागे राहिला असेल, चढत असेल एकेक पायरी, आणि मी सगळ्यांना मिळून जा म्हटलं तर तोही — लगेच — वळेल.

फळी वाकतेय.

थांबते. थोडंसंच. वरच्या पायरीवर येईपर्यंत —

शिट्टी? ती शिट्टी का? अगदी खालून —

कडी काढते, नीट ऐकू येत ना