होती तशी

आदरणीय वन्सं,

साष्टांग नमस्कार. तो मनातल्या मनात घातला असं समजा, कारण माझी कंबर धरलीय आणि एकदा वाकले की कुणीतरी येऊन सरळ करावं लागतं. (कशानं धरली ते पुढं येईलच.) तुमची तब्येत कशी आहे? मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यातलं पाणी थांबलं का? खालच्या उजव्या दाढेनं कडक काही चावायचं नाही हे पथ्य तुम्ही पाळत असाल असं मी धरून चालते. पाळत नसाल तर कळवू नका, मला उगीच वाईट वाटतं. इकडे सगळं क्षेम आहे. तुमचे बंधुराज मजेत आहेत, म्हणजे पेपर वाचताहेत. आमच्या चिरंजिवांना मिसरूड फुटलंय, आवाज दाराच्या बिजागरीसारखा झालाय, आणि दर परीक्षेला बूट लहान होताहेत. अभ्यासाचं विचारू नका.

पुढच्या आठवड्यात तुम्ही गाडी बघायला येताय, म्हणून हे पत्र. फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही मधेच "बरं, मग?" असं विचारता आणि मी मुद्दा सोडून हवापाण्यावर घसरते. पत्रात तुम्हाला मधे बोलता येत नाही, ही त्यातली मोठी सोय.

तर गाडी तयार आहे. पहिल्या किल्लीत सुरू होते. आतोबांची गाडी (तुमच्या यजमानांना आमच्या घरात सगळेच चिरंजिवांच्या नात्यानं आतोबा म्हणत आले, त्यांच्या पाठीमागं तुम्हीसुद्धा) काय चीज होती हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे मामापुढे आजोळच्या गप्पा. छापखान्यात प्रुफं तपासणाऱ्या माणसानं बुडालेल्या हॉटेलच्या लिलावातून असलं धूड घरी आणावं, आणि वर "कारकुनाच्या पगारात राजाची गाडी" असं स्वतःच सांगत फिरावं, हे त्यांनाच शोभलं. लाकडी डॅशबोर्ड काय, मागच्या सीटला उघडमीट होणारी चिमुकली टेबलं काय! लांबीला माझ्या दवाखान्याच्या वेटिंग रूमपेक्षा थोडी जास्तच. त्यांच्या आजारपणात ती तुमच्या अंगणात उभ्या उभ्या गंजली. ते गेल्यावर तुम्ही ती ओढून आमच्या मागच्या शेडमध्ये आणून सोडलीत आणि म्हणालात, "माझ्यानं ती अशी बघवत नाही. पोराला हौस आहे, तुझा हात बारीक कामाचा आहे. होती तशी करून द्या." हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, वन्सं. सगळं रामायण त्यातच आहे.

मी दातांची डॉक्टर. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, आमचं भरतं. त्यामुळं कार्ब्युरेटरची बारीक भोकं तुंबली आहेत असं चिरंजिवांनी सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदाच त्यांच्या दुनियेत आपलाही काही उपयोग आहे असं वाटलं. रूट कॅनलच्या सुया घेऊन बसले आणि एका दुपारी सगळी भोकं लख्ख केली. तिथून मला चढली. एकदा मी एका गृहस्थांच्या दाढेत मसाला भरत होते. चिरंजीव दारात येऊन म्हणाले, "आई, लाळ ओढायची नळी दे, टाकीच्या तळाशी गाळ आहे." गृहस्थांना वाटलं गाळ त्यांच्याबद्दल आहे. ते पुन्हा आले नाहीत. मग पुढच्या जाळीची दोन पाती पडली होती, तिथं मी मेणाचं माप घेऊन कवळीच्या मसाल्यात नवी पाती ओतली. डबा चुकला. हिरड्यांचा गुलाबी रंग आला. पंधरवडाभर आपली गाडी हिरड्या दाखवून हसत उभी होती, आणि शेजारी पोरांना कडेवर घेऊन बघायला येत होते. बंधुराजांनी या सगळ्यात बॅटरी धरण्याचं काम केलं. (उजेड कायम त्यांच्या पेपरवर पडायचा.) इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा सायलेन्सरमधलं उंदराचं अख्खं घर त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर येऊन पडलं. ते म्हणाले, "सुरू झाली वाटतं," आणि आंघोळीला गेले.

पण वन्सं, खरं सांगू? मला ते दिवस संपू नयेत असं वाटायचं. तुम्हाला माहितीच आहे, आमच्याकडे मुलाची भाषा "हं", "नाही" आणि "नंतर" या तीन शब्दांवर येऊन ठेपली होती. जेवायच्या टेबलावर मी प्रश्न विचारायची आणि उत्तर बंधुराज द्यायचे. गाडीखाली मात्र तो बोलायचा. आम्ही दोघं पाठीवर पडलेले, चारी पाय बाहेर, तोंडं दिसत नाहीत, हातात काहीतरी काळं. अशा वेळी तो आपण होऊन सांगायचा. वर्गात कुणाशी पटत नाही, गणिताची भीती का वाटते, आवाज फुटल्यापासून मोठ्यानं वाचायची लाज वाटते, असलं सगळं. मी फक्त पाना धरायची आणि "मग?" म्हणायची. (तुमचाच शब्द.) कंबर तिथंच धरली. तिचं मला काही वाटत नाही.

इंजिन चाललं, ब्रेक लागले, दिवे लागले, जाळीची गुलाबी हिरडी काळी केली, तेव्हा खरं तर काम संपलं होतं. तिथं मी थांबायला हवं होतं. पण काम संपलं की शेड संपणार, शेड संपली की पुन्हा "हं", "नाही", "नंतर". म्हणून मी पुढचं काढत गेले. डाव्या दारावरचा तो पोचा. चिरंजीव म्हणाले, "आई, हा राहू दे." मला वाटलं, कंटाळा. दुसरं म्हणजे, खड्डा दिसला आणि भरला नाही असं माझ्या हातून आजवर झालेलं नाही. भरला. असा भरला की बोट फिरवलं तरी कळू नये. मग ड्रायव्हरची सीट. डावीकडे खळगा पडलेला, शिवण उसवलेली. तो पुन्हा म्हणाला, "राहू दे की." मी सगळ्या सीट काढून सीटवाल्याकडे दिल्या. नवी गादी, नवं चामडं, काय सांगू, बसलं की वर फेकते. जुनी गादी मागायला गेले (का ते पुढं) तर त्यानं ती कापून कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटमध्ये भरली होती. म्हणजे आतोबांचा खळगा आज कुणा अनोळखी माणसाच्या खाली गावभर फिरतोय. आणि शेवटी वास. आत पेपरमिंटचा, जुन्या चामड्याचा आणि दमट कापडाचा असा एक वास होता. तो मला अस्वच्छ वाटला. दवाखान्यातलं जंतुनाशक आणून मी छतापासून पायपुसण्यापर्यंत सगळं तीनतीनदा पुसलं. आता गाडीचं दार उघडलं की माणूस आपोआप आ करतो.

त्यानंतर तुमचा फोन आला. मी पेशंट सोडू शकत नव्हते, म्हणून तो चिरंजिवांनी घेतला. नंतर तो दवाखान्याच्या दारात येऊन नुसता उभा राहिला. मी म्हटलं, काय रे? तो म्हणाला, "आत्या विचारत होती, गाडीत अजून त्यांचा वास येतो का. एकदाच आत बसायचंय म्हणाली. मग गाडी ठेवा नाहीतर विका." मी विचारलं, तू काय सांगितलंस? म्हणाला, "येतो म्हटलं."

माझ्या हातातला आरसा पेशंटच्या तोंडातच राहिला. तेव्हा मला कळलं, वन्सं, तुमचं "होती तशी" म्हणजे काय होतं ते. मी "होती तशी" म्हणजे कारखान्यातून आली तेव्हा होती तशी, असं धरून बसले. तुम्ही म्हणत होता, ते चालवायचे तेव्हा होती तशी. पोचा, खळगा, चोरून खाल्लेल्या पेपरमिंटच्या गोळ्या, सगळ्यासकट. पोराला हे ठाऊक होतं. त्या पोच्याची गोष्टही त्याला ठाऊक होती. आतोबांनी त्याला सांगितली होती म्हणे. तुम्ही एकदाच स्टिअरिंग हातात घेतलंत आणि फाटकाच्या खांबाला दार घासलंत, ते हसून हसून खाली बसले, आणि कुणी डेंट काढून देतो म्हणालं की सांगायचे, "आमच्या घरातली एवढीच सही आहे तिच्यावर, ती पुसायची नाही." मला हे कोण सांगणार? "राहू दे" म्हणून त्यानं दोनदा सांगितलं, आणि मी ते ऐकलं नाही. मुलगा बोलत नाही म्हणून गावभर रडणारी मी, तो बोलला तेव्हा ऐकलं नाही.

त्या दिवसापासून तो शेडमध्ये एकटाच जातो. परवा बघितलं तर गाडीत काचा लावून बसला होता आणि एकामागून एक पेपरमिंट चघळत होता. त्याला ती लहानपणापासून आवडत नाहीत. काही गोळ्या कुटून पायपुसण्याखाली घातल्यात. जंतुनाशक आणि पेपरमिंट मिळून आता आत टूथपेस्टचा वास येतो. दातांचं काय होईल ते होवो, मी त्याला काही बोलले नाही.

मी दाती तृण धरून माफी मागते. (आमच्या धंद्यात हे करू नये, हिरडीत अडकतं.) तुमची वस्तू तुम्ही विश्वासानं दिलीत आणि मी तिच्यातून तुमचा माणूस धुऊन काढला. याला काय करावं ते मला सुचत नाही. मोठ्यांना नमस्कार, लहान कुणी असेल तर त्याच्या दातांकडे लक्ष द्या.

तुमची, तोंड लपवायला जागा शोधणारी,
भावजय

ता. क. बंधुराजांनी वाचून सांगितलंय की पत्र फार लांब झालं आणि उंदराचा प्रसंग वाढवून लिहिलाय. वाढवलेला नाही.

ता. क. दोन. खांब अजून फाटकाशी आहे, असं चिरंजीव म्हणतात. त्यांचा काहीतरी बेत आहे. मी कानावर हात ठेवलेत.

ता. क. तीन, आणि खरं सांगायचं तर पत्र यासाठीच. वर लिहिलंय ते तुम्हाला कळलंय हे त्याला कळू देऊ नका. तो तुमच्याशी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललाय आणि तेव्हापासून झोपेत दात खातोय. तुम्ही याल तेव्हा तो लांब उभा राहून तुमच्याकडे बघत असेल. दार उघडा, आत बसा, मोठा श्वास घ्या आणि त्याला ऐकू जाईल असं म्हणा, येतो रे. मग मी त्याला पाणी आणायला पाठवीन आणि तुमच्या शेजारी येऊन बसेन. तो परत येईपर्यंत मला काय वाटेल ते बोला.