धाकटीचं दार आणि माझा जळफळाट

४ फेब्रुवारी
धाकट्या जावेला कंपनीने निवडलं. मला नाही! दोघींचे छोटे शिवणकारखाने, दोघी एकाच कंपनीचे शर्ट शिवतो, पण शिकवायला सल्लागार बाई येणार ती तिच्या कारखान्यात. फुकट! नवा कायदा आलाय म्हणे — शिवणाऱ्या बायकांना पगार, सुट्टी, हवा-उजेड मिळतो का, हे आता कंपनीनेच बघायचं आणि आमच्यासारख्या छोट्यांना मदत करायची. मग आधी थोरलीला नको? धाकटीला मशीनवर बसायला शिकवलं कोणी?

५ फेब्रुवारी
जेवण गेलं नाही. हे म्हणाले, "अगं, पुढच्या वेळी तुझा नंबर." यांना काय जातंय बोलायला!

९ फेब्रुवारी
कंपनीच्या तक्रारीच्या नंबरवर फोन केला. नाव न सांगता. "तिथलं मागचं दार कापडाच्या गठ्ठ्यांनी अडलेलं असतं. आग लागली तर बायका बाहेर कशा पडणार?" खोटं काय आहे त्यात? आता बघते महाराणींची ऑर्डर कशी टिकते.
आज दोन घास जास्त गेले.

१६ फेब्रुवारी
गठ्ठे ठेवायला तिला नव्या मांडण्या मिळाल्या! दारही कंपनीच रुंद करून देतेय! सल्लागार बाई म्हणे म्हणाली, "चूक सापडली की काम काढून घ्यायचं नसतं, चूक दुरुस्त करायला मदत करायची असते." म्हणजे माझ्याच फोनने तिचं भलं! अंगाची नुसती आग आग झाली. वर धाकटी मला सांगते, "ताई, कुणीतरी देवासारखं धावून आलं हो!"

२० फेब्रुवारी
सल्लागार बाई आज माझ्या कारखान्यात आली. ऑर्डर पुढे द्यायची का, ते बघायला. दारं मोकळी, पंखे पुसलेले, बायकांचे पगार वेळच्या वेळी. सासूबाई कोपऱ्यात बटणं लावत होत्या. धाकटीपेक्षा मी कुठेच कमी नाही, हे दाखवायची हीच संधी! तोऱ्यात सांगितलं, "या सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसतात. सुट्टी नाही, पगार नाही. घरच्याच ना! धाकटीकडे आहे का असं कुणी?"
बाई हसली नाही. सासूबाईंच्या शेजारी खाली बसली आणि हळू आवाजात काहीतरी विचारत राहिली. ऑर्डरचं बोललीच नाही.

२१ फेब्रुवारी
सासूबाई सकाळी डबा घेऊन धाकटीकडे कामाला गेल्या. चपला घालता घालता म्हणाल्या, "ती कधीची बोलावतेय, पगार देऊन. तुला वाईट वाटेल म्हणून जात नव्हते."